त्रिदळ हा शब्द आणि आमचा बेल

भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी प्रत्येकाला एकेक शब्द निवडायला सांगितला. त्याचा अर्थ, तो कुठून आला आणि आपल्या घरात तो कसा बोलला जातो, एवढं वर्गापुढं उभं राहून सांगायचं होतं. माझ्या शेजारच्या मुलीनं ‘हैराण’ घेतला. मागच्या बाकावरच्या एकानं ‘वस्ताद’ घेतला तेव्हा वर्ग हसला. माझी पाळी आली तेव्हा मी काहीच ठरवलेलं नव्हतं. श्रावण लागला होता म्हणून असेल, तोंडातून ‘त्रिदळ’ निघून गेलं.

“बेलाचं?” सरांनी विचारलं.

“हो सर. म्हणजे, तीन पानं असलेल्या कुठल्याही झाडाला चालेल बहुतेक.”

“तुमच्या घरात बोलतात हा शब्द?”

मी हो म्हणाले आणि लगेच शंका आली. आमच्या घरात श्रावणात बेलाशिवाय दुसरा विषय नसतो हे खरं. पण ‘त्रिदळ’ असं कुणी म्हटलेलं काही केल्या आठवेना. तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं. घरातून बीडला कॉलेजला आलेली मी पहिलीच. वर्गात काहीही बोलले की ते तपासून बघावं असं मला वाटत राहतं.

माझी माय श्रावणातल्या सोमवारी परळीच्या देवळाबाहेर बेल विकते. दिवाळी झाली की ती आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जातात. परत आल्यावर माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. वर्षभर तिचं काम कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. श्रावणातले सोमवार तेवढे तिचे स्वतःचे. आमच्या बांधावरच्या बेलाची पानं ती रविवारी तोडते, ओल्या पोत्यात ठेवते आणि सोमवारी पहाटे जीपनं परळीला जाते. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून सगळा खटाटोप रविवारी.

ग्रंथालयात जाडा संस्कृत-मराठी कोश होता. त्यात ‘दल’ पाहिला. मला वाटलं होतं, दल म्हणजे पान, विषय संपला. पण तिथं आधी वेगळाच अर्थ होता. दल म्हणजे फुटून निघालेला तुकडा. मूळ धातू ‘दल्’, फुटणं, चिरणं, दुभंगणं. त्यावरून पाकळी, त्यावरून पान. त्याच धातूवरून डाळ, कारण तूर भरडली की तिचे दोन भाग होतात. त्यावरूनच आपलं दळणं. मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. डाळ, दळण आणि महादेवाला वाहायचं त्रिदळ ही एकाच घरातली निघतील असं कधी वाटलं नव्हतं.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, “लॅटिनमध्ये अशाच एका गवताला ट्रायफोलियम म्हणतात. म्हणजे नुसतं तीन पानं. आपल्याकडंही त्रिपर्ण आहे, त्रिपत्र आहे. ते सगळे शब्द पानं मोजतात. तुमचा शब्द वेगळं काहीतरी सांगतोय. काय ते शोधा. आणि हे घरून आणा, कोशातून नको. मंगळवारी बोला.”

मी वहीत लिहिलं, एक पान, तीन ठिकाणी फुटलेलं. आणि पुढं काही सुचेना.

शनिवारी दादांचा फोन आला. आवाज खुशीत होता. “येतीस का? सोमवारी जेसीबी येणार हाय. शेतरस्ता होतोय आपला.”

त्या रस्त्याची आमच्याकडं सगळे वाट बघत होते. पावसाळ्यात रानात जाताना चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जातो, बैल बसतात, ट्रॅक्टर तर येतच नाही.

“कुठून जातोय?”

“बांधावरून. सरळ वढ्यापर्यंत.”

“मग बेल?”

“बेल मधी येतोय,” दादा म्हणाले, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून फोन ठेवला.

बसमध्ये बसले तरी बसल्यासारखं वाटत नव्हतं. मांजरसुंब्याला गाडी ढाब्यापुढं थांबली, लोक चहाला उतरले, मी खिडकीशीच राहिले. मायला फोन लावावा असं वाटत होतं. पण फोनवर तिला काय विचारणार? तुझं झाड जाणार हे तुला माहीत आहे का, असं?

तिला माहीत होतं. रविवारी सकाळी मी रानात गेले तेव्हा ती आकडी घेऊन झाडाखाली उभी होती. आकडी म्हणजे लांब काठीला बांधलेला हूक. त्यानं फांदी ओढायची आणि काटे चुकवत पानं खुडायची. एरवी ती खालच्या फांद्यांचं तोडते, कोवळी पालवी राहू देते. त्या दिवशी तिनं शेंड्याला आकडी लावली होती.

“एवढं कावून तोडतीस? पुढच्या सोमवारला काय ठेवशील?”

“पुढचा सोमवार कुणी बघितलाय,” ती म्हणाली. “धर फांदी. आन काटे बघ. कॉलेजात हात मऊ झाले असतील.”

मग आम्ही पानं निवडत बसलो. किड्यानं खाल्लेलं बाजूला, तिन्हीतलं एखादं फाटलेलं बाजूला. चांगल्या पानाच्या देठाची जाड गाठ मोडायची आणि पोत्यावर पालथं टाकायचं. बाजूला पडलेलं सगळं शेळी खायची. मी हळूच विषय काढला.

“माय, ह्याला तू काय म्हणतीस?”

“कशाला?”

“ह्या पानाला.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ताप आलाय. “बेल.”

“दुसरं काही? त्रिदळ वगैरे?”

“ते परळीचे दुकानदार वरडतेत. त्रिदळ घ्या, त्रिदळ घ्या. मी न्हाई वरडत. माझ्या पोत्यात दिसतंच की बेल हाय ते.” मग जरा वेळानं, “मास्तरला सांग, मायला न्हाई आलं उत्तर. नापास केली म्हण.”

ती हसली, पण तिचा हात थांबला नव्हता. मला खरं विचारायचं होतं ते राहूनच गेलं. शेवटी मी म्हणाले, “रस्ता थोडा तिकडून वळवता येणार न्हाई का?”

तिकडून म्हणजे मोठ्या बाबांच्या रानातून. मोठे बाबा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. बांधाच्या त्या बाजूला त्यांची तूर आहे. विहीर दोघांची सामाईक, आणि पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. लग्नकार्यातसुद्धा ते एकमेकांकडं पाठ करून जेवायला बसतात. झाडापाशी रस्ता पूर्ण त्यांच्या बाजूला घेतला तरच बेल वाचणार होता. आणि ते त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. दादा विचारणार नव्हते. माय विचारू शकत नव्हती. थोरल्या दिराशी ती आजवर एक शब्दही बोललेली नाही. आमच्याकडं बोलत नाहीत. ते समोरून आले की ती पदर ओढून बाजूला होते.

“तुझ्या दादाला मी दोनदा म्हनले,” माय म्हणाली. “ते म्हनतेत, झाड गेलं तर गेलं, मी त्याच्या दारात जाणार न्हाई.”

“आणि तू?”

“मी काय.” तिनं पोतं उचललं आणि त्यावर पाणी शिंपडलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं पुडा बांधलेला नाही.

हे सांगायला हवं. आमच्या दोन घरांत सगळं बंद झालं तरी एक गोष्ट चालू राहिली होती. श्रावणातल्या रविवारी संध्याकाळी माय निवडक बेल पळसाच्या पानात गुंडाळते आणि आमच्यापैकी कुणीतरी तो पुडा मोठ्या बाबांच्या ओट्यावर ठेवून येतं. ते सोमवारी घरच्या पिंडीला तोच बेल वाहतात. कुणी काही बोलत नाही. पुडा ठेवायचा आणि यायचं. भांडण झालं त्या वर्षीही पुडा गेला होता.

“मोठ्या बाबांचा पुडा?”

“यंदा नको.”

“कावून?”

“उद्या झाडाचा निकाल हाय. आज बेल पाठवला तर मागितल्यासारखं दिसंल.”

मला तिचं पटलं आणि पटलंही नाही. दिवसभर घरात मन लागेना. वही उघडली, मिटली. शेवटी दिवस मावळायच्या आत मी मोठ्या बाबांच्या घरी गेले. रस्त्यात वाक्य जुळवत होते. बाबा, तुमच्या रानातून थोडी जागा मिळाली तर. बाबा, झाड मायचं आहे, पण तसं ते सगळ्यांचंच. प्रत्येक वाक्य वर्गात वाचून दाखवायला लिहिल्यासारखं वाटत होतं.

ते ओट्यावर सुतळी वळत बसले होते.

“आलीस? बीडात काय शिकवतेत आजकाल?”

मी विचारायला गेले होते ते तोंडातून निघेना, म्हणून शब्दाचं सांगत बसले. दल म्हणजे फुटलेला भाग, त्यावरून डाळ, त्यावरून दळण. ते ऐकत होते.

“म्हंजे त्रिदळ म्हंजे तीन डाळी?”

“तसं न्हाई बाबा. एकच, पण तीन जागी फुटलेलं.”

“आमाला लहानपणी सांगितलं, महादेवाचे तीन डोळे. एवढ्यावर भागलं आमचं. तुमाला फी भरून तेवढंच कळतंय व्हय.” त्यांनी सुतळीला पीळ दिला. “बीडला जा न्हाईतर पुण्याला जा, पळसाला पानं तीनच.”

आतून मोठ्या आई हसल्या. मीही हसले. पण बाबांची नजर माझ्या हातांकडं गेली होती. हात रिकामे होते. त्यांनी ओट्याच्या कडेला, जिथं पुडा ठेवतात तिथंही एकदा बघितलं. मग म्हणाले, “जा आता. अंधार पडायला लागला.”

मी न विचारताच परत आले.

सोमवारी माय पहाटेच्या जीपनं पोतं घेऊन गेली. जाताना रानाच्या बाजूला तिनं बघितलं नाही. दादा आणि मी रानात गेलो. जेसीबी ओढ्याकडून बांध मोकळा करत येत होता. त्याच्या काचेला हार घातलेला होता. गावातले पुढारी, ज्यांनी हा रस्ता मंजूर करून आणला होता, मोटारसायकल लावून उभे होते, आणि बघायला आलेली दहाबारा माणसं.

झाडाजवळ आल्यावर ड्रायव्हरनं मशीन थांबवलं आणि खाली उतरला. तरुण होता, कपाळाला भस्म.

“बेल हाय का हा?”

“दिसत न्हाई का बे?” पुढारी म्हणाले.

“मंग आज न्हाई. श्रावणी सोमवार. आज लोक बेलाचं पान तोडत न्हाईत, आन मी झाड पाडू?”

“तू कुठं पाडतो? मशीन पाडतंय.”

“मशीनला लेकरंबाळं न्हाईत, साहेब. मला हायत.”

लोक हसले. एकजण म्हणाला, “बरोबर हाय त्याचं.” दुसरा म्हणाला, “मंग उद्या पाडा.” ड्रायव्हर म्हणाला, उद्या धर्मापुरीला काम घेतलंय. पुढाऱ्यांनी फोन काढला आणि बाजूला जाऊन बोलून आले. “थांबा. दुसरं मशीन बोलावलंय. तासाभरात येतंय. त्या ड्रायव्हरला काय न्हाई सोमवार-बिमवार.”

तासाभरात. दादा बांधावरचं गवत उपटत होते, उगाच. मी त्यांच्याजवळ गेले.

“दादा, एकदा विचारा की.”

“काय इचारू?”

“तुम्हाला माहिताय.”

त्यांनी मुठीतलं गवत टाकलं आणि दुसरं उपटलं.

तेवढ्यात मोठे बाबा तुरीतून येताना दिसले. आंघोळ केलेली, अंगावर नुसतं धोतर आणि उपरणं. ते दादांकडं गेले नाहीत, पुढाऱ्यांकडं गेले नाहीत. सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

“तुझ्या मायनं बेल कावून न्हाई पाठवला?”

मला खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते. पाऊस होता, विसरली, काहीही. पण सुचलं नाही.

“ती म्हनली, आज पाठवला तर मागितल्यासारखं दिसंल.”

“काय मागितल्यासारखं?”

“झाड.”

ते झाडाकडं बघत राहिले. शेंडा मायनं काल ओरबाडला होता, वरच्या फांद्या उघड्या दिसत होत्या. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही.

“मी काल त्याच्यासाठीच आले होते, बाबा. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. रस्ता इथं तुमच्या बाजूनं घेऊ द्या. मायकडं दुसरं काही न्हाई.”

“तू बोललीस ते झालं. पर झाड काय तुझ्या बापाचं न्हाई का? त्याला तोंड न्हाई का?”

दादा तिथंच होते, चार पावलांवर. ते माझ्याकडंही बघेनात आणि भावाकडंही बघेनात. मग ते ड्रायव्हरकडं वळले.

“का रं, मशीन तिकडून वळतंय का? झाड सोडून?”

ड्रायव्हर म्हणाला, “वळतंय की. पर ती तूर कुणाची हाय?”

मोठे बाबाही तुरीच्या तासांकडं, म्हणजे ओळींकडं, बघत ड्रायव्हरशीच बोलले. “त्याला सांग, दोन तासं जातील तुरीची. जाऊ दे म्हणावं.”

“दोन न्हाई, तीन जातील,” दादा ड्रायव्हरला म्हणाले. “तीन तासाची तूर मी भरून देईन म्हणावं.”

“सांग त्याला, तुरीचा हिशेब सांगू नको. पाण्याची पाळी नीट पाळ म्हणावं.”

“पाळीन म्हणावं. पर त्यानंबी मोटार येळेवर बंद करावी.”

ड्रायव्हर दोघांच्या मधे उभा, एकदा इकडं मान, एकदा तिकडं. “मामा,” तो शेवटी म्हणाला, “मला डिझेल जळायला लागलंय. एकदाच काय ते ठरवा.”

लोक मोकळं हसले. पुढाऱ्यांनी चिडून फोन लावला आणि दुसरं मशीन येऊ नको म्हणून सांगितलं. रस्ता सरळ आखला होता, त्याला बाक आला, हे त्यांना आवडलं नाही. पण ज्याची तूर जाणार तोच हो म्हणत होता.

तूर गुडघ्याएवढी होती. मशीन तिच्यावरून गेलं. तुरीचं पानही तीन दलांचं असतं, हे मला तेव्हा दिसलं, आणि दिसलं म्हणून बरं वाटलं नाही. बाक घेताना मशीनचं दातेरी फावडं झाडाच्या फार जवळून गेलं. एक जाड मूळ तुटलं. आत पांढरं दिसत होतं. ड्रायव्हरनं कानाला हात लावले.

माय दुपार टळल्यावर परत आली. गावात शिरताच तिला कुणीतरी सांगितलं असणार, कारण ती घरी न येता सरळ रानात आली. झाडाच्या खोडाला तिनं हात लावला. मग तुटलेलं मूळ बघितलं. खाली बसून ओंजळीनं ओली माती ओढली आणि त्या मुळावर दाबत राहिली.

“जगंल का?” मी विचारलं.

“काय सांगावं. भादव्यात कळंल.”

मग तिनं खांद्यावरचं पोतं सोडलं. तळाशी मूठभर बेल शिल्लक होता. तिनं विकला नव्हता. पळसाची पानं तोडून आणली, पुडा बांधला आणि माझ्या हातात दिला.

“आता? पूजा झाली असंल त्यांची.”

“बेल शिळा होत न्हाई.”

मी गेले. या वेळी ओट्यावर ठेवून परत फिरले नाही. आत गेले. मोठे बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यामागं देवळीत पिंड होती आणि पिंडीवर बेल होता. मला आधी वाटलं, कुणाकडून तरी आणला. जवळ गेल्यावर दिसलं, ती पानं वाळलेली होती, कडा वळलेल्या. मागच्या सोमवारची. वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहता येतो. त्यांनी तोच धुऊन वाहिला होता.

त्यांनी माझी नजर कुठं आहे ते पाहिलं. “दुसऱ्याचा आणावा वाटला न्हाई,” म्हणाले. पुडा घेतला, सोडला, पानं तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि एकेक पालथं ठेवत गेले. जुनी पानं काढली नाहीत.

मंगळवारी पहिल्या गाडीनं मी बीडला आले. तास होताच. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की त्रिपर्ण आणि ट्रायफोलियम पानं मोजतात, त्रिदळ हा शब्द फुटणं सांगतो. एकच पान, तीन भागांत चिरलेलं, देठाशी एक. तीन पानं नव्हेत.

“उदाहरण द्या,” सर म्हणाले.

माझ्या मनात दादा आणि मोठे बाबा होते, आणि मधे तो ड्रायव्हर. मी म्हणाले, “डाळ.”

“आणि घरी? घरी बोलतात हा शब्द?”

“नाही सर. मी चुकीचं सांगितलं होतं. घरी नुसतं बेल म्हणतात.”

सरांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. मी जागेवर आले. त्यानंतर ‘वस्ताद’वर काय बोललं गेलं ते मला आठवत नाही.

तास संपल्यावर व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. दादांनी उचलला. रस्ता कसा झालाय, ट्रॅक्टर कसा आत आला, ते सांगत होते. मी मधेच विचारलं, “बेल कसा हाय?”

“हाय,” ते म्हणाले. “तुझी माय सकाळी पाणी घालून आली. एका अंगाची पानं जरा मलूल दिसतेत.” मग म्हणाले, “पाणी मोठ्या बाबांच्या पाळीतलं घेतलं. तेच म्हनले, घेऊ दे.”

“तुम्हाला म्हनले?”

“न्हाई. तुझ्या मोठ्या आईला म्हनले. मी ऐकत होतो तवा.”